पाऊण इंच टाच

सोमवार, ३ नोव्हेंबर

आज परत गेली!

मी दुकानात खुर्चीत डोळे मिटून बसलो होतो. झोपलो नव्हतो. जेवणानंतर मी डोळे मिटतो, त्याला घरात सगळे झोप म्हणतात. म्हणोत बापडे. पापणीच्या फटीतून मला सगळं दिसतं. ही उठली, एकदा माझ्याकडे बघून घेतलं, शालीखाली काहीतरी धरलं आणि मधल्या फळीचं दार ढकलून पलीकडे गेली. साडूकडे.

पाटीवर लिहिलंय, ‘खांद्यापासून टाचेपर्यंत’. त्यातला खांदा माझा, टाच साडूची. फळीच्या अलीकडे सूट, पलीकडे बूट. इतकी वर्षं हे असंच चाललंय. गिऱ्हाईक पलीकडे जातं, पैसे पलीकडे जातात, चहा पलीकडे जातो. पण हिचं तिथे काय काम? काज करायची, बटणं लावायची, ती माझ्या बाजूला!

परत आली तेव्हा शाल रिकामी होती. मी घोरल्याचं सोंग केलं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

बुटके वकील आले होते. आल्या आल्या पाय पुढे करून म्हणाले, “मास्तर, मी जोडा करायला दिला होता की खड्डा? कोर्टात माझा पट्टेवालासुद्धा मला वरून बघतो.”

मी म्हटलं, जोड्याचं पलीकडे सांगा. तर म्हणे पलीकडे सांगून झालं, तिथून ‘साहेब, टाच बसकी असली की पायाला आराम’ असं गोड उत्तर मिळालं. साडू गोडच बोलतो. जन्मात कुणावर आवाज चढवला नाही. अशा माणसांची मला जरा भीतीच वाटते.

वकिलांचा सूट मात्र अंगावर झकास बसलाय. पँट जोड्यावर अशी टेकलीय की बघत राहावं. ते स्वतः म्हणाले. म्हणायलाच हवं.

ते गेल्यावर मनात आलं — बसकी टाच? मला तर एक इंच सांगितली होती! आमच्यात पहिल्यापासून एकच करार. आधी साडूने टाच सांगायची, मग मी पायाची लांबी कापायची. टाच कमी केली तर पँट जमिनीवर लोळणार, जास्त केली तर मोजे दिसणार. साडूच म्हणायचा, “मास्तर, बायकोला दिलेला शब्द एखादवेळ मोडेन, टाचेचा नाही मोडणार.”

बघू या.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

साडू चामडं बघायला बाजारात गेला. मी लाकडी पट्टी घेऊन पलीकडे गेलो. स्वतःच्याच दुकानात चोरासारखा!

तयार जोड्या मांडणीवर ओळीने ठेवल्या होत्या. पहिल्या जोडीला पट्टी लावली. पाऊण इंच! पुढची घेतली. पाऊण. डॉक्टरांची जोडी तर पाऊणहूनही खाली. आणि ह्या सगळ्यांची टाच मला एक इंच सांगितलेली. माझ्या वहीत नव्हे, माझ्या कानात आहे ते अजून.

तोंडाने एक सांगतो, हाताने पाऊण करतो. का? माझी पँट लोळावी म्हणून! गिऱ्हाइकाने म्हणावं, मास्तरांचा हात गेला.

पण वकिलांची पँट लोळली नाही. का नाही लोळली, यावर बराच वेळ विचार केला. उत्तर एकच. माझा हात! अंदाजाने म्हणा, सवयीने म्हणा, माझी कात्री आपोआप सांभाळून घेते. त्याने खड्डा खणला तरी माझी पँट त्यात पडत नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

मी काही विचारलं नव्हतं. हिनेच ताट वाढता वाढता सांगितलं, “दुपारी जरा पलीकडे गेले होते. ताई आली होती, तिला भेटायला.”

ताई म्हणजे हिची थोरली बहीण, साडूची बायको. ती सकाळीच मला रस्त्यात भेटली, हातात पिशवी, विहिणीकडे निघाली होती. मुलाच्या लग्नाच्या खरेदीला. मुक्कामाला!

चोराच्या मनात चांदणं, म्हणतात ते उगीच नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

विचारणार होतो. नाही विचारलं. भाजी अळणी होती, तेही नाही सांगितलं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सापडलं! शालीखाली काय असतं ते सापडलं.

डॉक्टरांची दुसरी पँट कपाटातून काढली. कच्ची शिवण झालेली, दुमड मी स्वतः घातलेली. पायाच्या दुमडीवर मी कुणाचा हात चालू देत नाही. हिचाही नाही. इस्त्रीची मोड मीच मारतो आणि गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी त्या मोडीवरून बोट फिरवून बघतो. कुणी एक टाका जरी उसवला तर बोटाला कळतं. मोड जागेवरच होती. पण नाकाशी धरली तर जोडे चिकटवायच्या सरसाचा वास! आणि दुमडीच्या आत चामड्याचं एक बारीक कतरण, नखाएवढं.

पँट स्वतःच्या पायांनी पलीकडे जात नाही. पायच नसतात तिच्यात.

म्हणजे ही माझ्या पँटी त्याला नेऊन देते आणि तो त्या समोर ठेवून टाच कापतो. इतकी मोजूनमापून दगाबाजी! नुसता डाव नाही, त्याच्यात माप आहे.

बुधवार, १२ नोव्हेंबर

लिहू की नको असं झालंय. पण इथे नाही लिहायचं तर कुठे?

काल रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. नको ते मनात आलं. हिला तो ‘मेहुणीबाई’ म्हणतो, तेही हसून. ही त्याला ‘दाजी, दाजी’ करते. मला मात्र ‘अहो’ सुद्धा धड नाही, नुसतं ‘ऐकलं का’. सरसाच्या वासाने हिचं डोकं दुखायचं. तोंडाला पदर लावल्याशिवाय पलीकडे पाऊल टाकायची नाही. आता रोज कशी जाते?

मग साडूचं रूप आठवलं. टक्कल, कानावर केस, अंगठ्याला कायमचा काळा डाग, आणि शिंक आली की सगळी आळी दचकते. मला एकट्यालाच हसू आलं.

नाही, ते नसावं. पण काहीतरी आहे.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

फळीला कान लावून उभा राहिलो. लाज सोडली. दोघांचे आवाज अगदी स्वच्छ आले.

ही म्हणाली, “दाजी, अजून एक थर काढा. नाहीतर त्यांच्या लक्षात येईल.”

तो म्हणाला, “मेहुणीबाई, आणखी काढला तर जोडा राहायचा नाही, सपाता होतील.”

“काढा हो. एवढ्या वेळेला.”

मग चामडं कापायच्या रापीचा आवाज. चामड्यावरून रापी फिरली की कसा करकर आवाज येतो, मला पाठ आहे. ही उभी राहून माझ्या पँटेच्या जिवावर टाच कापून घेत होती!

मी परत खुर्चीत येऊन डोळे मिटले. ही आली आणि माझ्या गुडघ्यांवर शाल घातली. हलक्या हाताने. हेच मला सगळ्यात जास्त लागलं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आता सगळं एका दोऱ्यात ओवता येतंय.

हिला मी दुकान सोडायला हवंय. गेल्या थंडीपासून एकच पालुपद — “पुरे झालं आता. लेक बोलावतेय. तिच्याकडे जाऊन राहू.” लेकीने म्हणे खिडकीपाशी माझ्यासाठी खुर्ची ठेवलीय. खुर्ची! मी काय कुंडी आहे, खिडकीत ठेवायला?

आणि साडूला हवीय माझी बाजू. त्याच्या मागच्या खोलीत ऊन येत नाही. भर दुपारी दिवा लावून बसतो. माझ्या कापायच्या टेबलावर सकाळचं ऊन सरळ पडतं, त्यात काळ्या कापडावरची काळी शिवणसुद्धा दिसते. कधीतरी म्हणाला होता, “मास्तर, नशीबवान आहात, उजेड तुमच्या वाट्याला आला.” तेव्हा मी हसलो होतो. आता कळतंय.

दोघांचं जमलं. त्याने टाच चोरायची, हिने पँट पुरवायची, नाव माझं जायचं, मग गिऱ्हाईक जाणार, मग मी जाणार. खिडकीतल्या खुर्चीत!

हे टेबल सोडून मी कुठे जाणार नाही. लिहून ठेवतो.

आणखी एक. साडू हल्ली पायाचं माप घेताना जमिनीवर फतकल मारतो आणि टेप थेट गिऱ्हाइकाच्या कमरेपर्यंत नेतो. दोनदा बघितलं. जोडा काय कमरेपर्यंत घालायचा असतो?

सोमवार, १७ नोव्हेंबर

साडूच्या मुलाचं लग्न पुढच्याच महिन्यात. नवरदेवाचा सूट माझ्याकडे, जोडा बापाकडे. दुसरीकडे जाणार कुठे? लग्नाला आमची निम्मी गिऱ्हाइकं येणार. वकील, डॉक्टर, सगळे. सगळ्यांच्या नजरा नवरदेवाच्या कपड्यांवर असणार.

म्हणजे डाव टाकायचा तर इथेच टाकतील. स्वतःच्या पोराच्या लग्नात मला तोंडघशी पाडतील? पाडतील! माणसाचा काही भरवसा नाही.

आज माप घेतलं. पोरगा उंच, सरळ, खांदे बापासारखे उतरते. छाती, बाही, कंबर घेतली. पायाचं घेताना पोरगा म्हणाला, “काका, स्टूल आणू का? बसून घ्या.” मी म्हटलं, मी बसून माप घेत नाही आणि उभ्याने शहाणपण ऐकत नाही. 

आमचे वस्ताद म्हणायचे, “ज्याचा गुडघा जमिनीला लागत नाही, त्याने पायाच्या मापाला हात लावू नये.” गिऱ्हाइकापुढे गुडघा टेकायचा, टेपेचं टोक टाचेला लावायचं, आकडा डोळ्यासमोर धरून वाचायचा. आयुष्यभर तसंच केलं. गेल्या थंडीपासून गुडघा जरा धरतो, तेव्हा कमरेतून वाकूनच घेतो. तेवढ्याने काही बिघडत नाही. टेप नडगीपर्यंत गेली की पुढचं डोळा सांगतो. इतक्या वर्षांचा तयार डोळा आहे!

गळ्यात टेपही वस्तादांचीच. पिवळी पडली, आकडे अर्धे पुसले, पण पितळी टोकं अजून चमकतात. ही टेप बघूनच गिऱ्हाइकाला विश्वास येतो.

“टाच किती ठेवताय, साडूबुवा?” मी मुद्दाम पोरासमोर विचारलं.

“एक इंच,” साडू म्हणाला. डोळ्याला डोळा भिडवून म्हणाला!

बुधवार, १९ नोव्हेंबर

ठरलं. या वेळी पँट त्यांच्या हाती लागूच द्यायची नाही. कापायची मी, शिवायची मी, कपाटात कुलूप, किल्ली माझ्या बंडीच्या खिशात. पँटच नाही तर टाच कशाच्या मापाने कापणार? एक इंच म्हटलंय, एक इंचच करावी लागेल. मग बघू या कोण तोंडघशी पडतं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

पाय शिवून झाले. दुमड घातली, मोड मारली. कापड असं सुरेख की सुई आपली आपण चालते. ही दोनदा येऊन गेली.

“दमला असाल, दुमड मी घालू?”

“नको.”

“मग काज तरी...”

“पँटेला काज नाही, हूक आहे.”

तोंड एवढंसं करून गेली.

रविवार, २३ नोव्हेंबर

जेवणानंतर डोळे मिटले. ही कपाटापाशी गेली, कडी हळूच ओढून बघितली, आणि तिथेच उभी राहिली. कपाळ कपाटाला टेकवून. मला वाटलं रडते की काय. रडायला काय झालं? कट फसला म्हणून कुणी रडतं का?

मंगळवार, २५ नोव्हेंबर

आता साडू स्वतः आला. हातात दोन कप. एक मला.

“मास्तर, पोराची पँट जरा बघायला मिळेल का? हौस वाटते हो. बापाचं मन आहे.”

“ट्रायलला बघा.”

“नुसती नजर टाकतो.”

“ट्रायलला टाका.”

चहा प्यालो नाही. थंड होईपर्यंत तो समोर बसून होता. जाताना म्हणाला, “तुमचा आमच्यावर राग आहे का?” मी म्हटलं, राग परक्यावर धरतात. खूश झाला बिचारा! त्याला वाटलं मी गोड बोललो.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

उद्या ट्रायल. किल्ली खिशातच आहे. मधूनमधून चाचपून बघतो.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

 झालं ते लिहितो.

सगळे जमले होते. ताई, पोराचे सासरे, नात्यातल्या दोन पोरी, ही. नेहमीप्रमाणे नवा जोडा आणि नवा सूट एकदमच चढवायचा. साडूने जोडा आणला. मी सगळ्यांसमोर लाकडी पट्टी काढली आणि टाचेला लावली. लावलीच! कुणाला काय वाटायचं ते वाटो. बरोबर एक इंच. एक केससुद्धा कमी नाही.

मी मनात म्हटलं, हरलास!

पोरगा आत जाऊन कपडे घालून आला. कोट — खांदा पाण्यासारखा. बाही मनगटावर नेमकी. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. मग सगळ्यांची नजर खाली गेली.

पँट आखूड होती.

थोडीथोडकी नाही. जोड्याच्या वर मोजा दिसत होता, करडा, पट्ट्यापट्ट्यांचा. एक पोरगी फिसकन हसली आणि म्हणाली, “दादा, रस्त्यात पाणी साठलंय का?” दुसरीने तिला चिमटा काढला. सासरे खिडकीबाहेर बघायला लागले. मला ऐकू येईनासं झालं.

तेवढ्यात साडू पुढे झाला. “अरे, अरे, माझीच चूक!” मोठ्याने हसत म्हणाला. “टाच उंच झाली. मला पाऊण सांगितली होती मास्तरांनी, मी गाढव, एक केली. आण रे तो पाय इकडे.” आणि तिथेच, फतकल मारून, पोराच्या पायातून जोडा काढून रापीने टाचेचा खालचा थर ओढून काढला. मग दुसऱ्या पायाचा. स्वतःच्या हाताने घासून आरशासारखा चमकवलेला थर! जोडा परत चढवला. पँट खाली आली. मोजा झाकला गेला. “बघा, आता कशी बसली! मास्तरांचा हात आहे तो!” सगळे हसले, सुटले.

मी हसलो नाही. मी पाऊण सांगितली नव्हती. टाच तो सांगतो, मी नाही. आणि एक इंच मी माझ्या पट्टीने मोजला होता, सगळ्यांसमोर.

सपाता होतील, म्हणाला होता.

देवा!

शनिवार, २९ नोव्हेंबर

सकाळी हिला समोर बसवलं. विचारलं, “किती पँटी?”

ही खाली बघतच म्हणाली, “सगळ्या. गेल्या थंडीपासूनच्या.”

“सगळ्या आखूड?”

“थोड्या थोड्या. कधी कमी, कधी जास्त. दुमडीला हात लावता येत नव्हता, तुम्हाला बोटाने कळतं. मग दाजी म्हणाले, पँट राहू दे, मी टाच खाली आणतो. ते गिऱ्हाइकाची खरी लांबी घेऊन ठेवायचे, मी पँट न्यायची, दोन्ही ताडून बघायचं आणि तेवढा थर काढायचा.”

“मला का नाही सांगितलं?”

यावर ही पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. “तुम्हाला सांगायचं? इस्त्रीवाल्याने सांगितलं होतं. ‘मास्तर, पँट आखूड दिसतेय,’ एवढंच म्हणाला. त्याला तुम्ही भर दुकानात काय काय बोललात? त्यानंतर त्याने या गल्लीत पाऊल टाकलं नाही. माझ्यावर ती पाळी यायला नको होती.”



हिच्यावर मी काय काय संशय घेतला ते वर लिहिलंय. पान फाडणार होतो. नाही फाडलं. राहू दे, माझं मला दिसायला.

रविवार, ३० नोव्हेंबर

दुकानात गेलो नाही.

डोक्यात वकील घोळत होते. ‘खड्डा’ म्हणाले होते. लोक म्हणायला लागलेत, साडूच्या हातचा जोडा बसका असतो. म्हणत होते आणि मी फळीआड बसून खूश होत होतो. ज्याची टाच बघून माणसं चाल बदलायची, त्याने माझ्यासाठी स्वतःच्या टाचा कापल्या! आणि वर गोड बोलून शिव्या खाल्ल्या. मी त्याचा चहा थंड केला.

कात्री तेल लावून गुंडाळून ठेवली. लेकीला कळवून टाकावं, खुर्ची पुसून ठेव म्हणून.

सोमवार, १ डिसेंबर

सकाळी साडू घरी आला. पायरीवरूनच ओरडत. “मास्तर! अहो मास्तर! सापडलं!”

माझ्या गळ्यातली टेप ओढून घेतली आणि नाचवली. “ही! ही टवाळ बया! वस्तादांच्या काळातली कापडी टेप, रोज ओढायची, घामात भिजायची, ताणणार नाही तर काय होईल? ताणलेली टेप आकडा कमी दाखवते. तुम्ही माप बरोबर घेता, ही खोटं सांगते! आणि कापताना तुमची पट्टी लाकडी, ती खरं बोलते. मग पँट आखूड होणारच!”

ही दारात उभी होती. म्हणाली, “खरंच की! आम्हा कुणाच्या कसं लक्षात नाही आलं!”

टेप! मी म्हणतच होतो, हात जातो कुठे असा! मी तिथल्या तिथे साडूला मिठी मारली. सरसाचा वास आला. त्याला म्हटलं, “साडूबुवा, मी तुमच्याबद्दल फार वाईट मनात आणलं.” तो म्हणाला, “आणा हो, मनात आणायला कुठे काय लागतं.” मग शिंकला. आळी दचकली.

दोन वेळचं एकदम जेवलो.

मंगळवार, २ डिसेंबर

नवी टेप आणली. प्लॅस्टिकची, पांढरीफेक, आकडे ठळक. गळ्यात साप ठेवल्यासारखी थंड लागते. कात्री परत टेबलावर. ऊन सरळ कापडावर. बरं वाटलं.

पोराच्या पँटेची दुमड उसवून खाली घेतली आणि साडूला म्हटलं, टाचेवर परत थर चढवा. एक इंच! लग्नात सगळ्यांना तुमची टाच दिसली पाहिजे. त्याने मान खाली घालून हो म्हटलं. डोळे पुसत होता की नाक, कळलं नाही.

ही म्हणाली, “जुनी टेप द्या इकडे, टाकून देते.” मी म्हटलं, वस्तादांची आहे, राहू दे. थोड्या वेळाने परत मागितली. “कशाला ठेवायची? चुकून परत हातात येईल.”

खिशात ठेवली.

एवढी घाई कसली हिला?

शुक्रवार, ५ डिसेंबर

लग्न लागलं. पोरगा राजासारखा दिसला. वकिलांनी साडूला बाजूला घेऊन विचारलं, “मला पण एक इंच द्याल का परत?” साडू म्हणाला, “सोमवारनंतर या, जोडा घेऊन या, आणि पँटही मास्तरांकडून नवी करून घ्या.” मी छाती काढून उभा होतो.

सोमवार, ८ डिसेंबर

ही आणि साडू दोघेही ताईकडे गेलेत, लग्नाची आवराआवर करायला. दुकानात मी एकटा.

जुनी टेप खिशातून काढली. टेबलावर नवी ठेवली, तिच्यावर जुनी. टोकाला टोक. शेवटपर्यंत बोट फिरवत गेलो. आकड्यावर आकडा बसला. लाकडी पट्टीही लावून पाहिली. एक केस इकडेतिकडे नाही.

तसं आधीच कळायला हवं होतं. बाही कधी चुकली नाही. छाती चुकली नाही. ताणलेली टेप नुसत्या पायातच कशी ताणेल?

आरशासमोर उभा राहिलो आणि माप घेतात तसा वाकलो. हात नडगीशी थांबला. पुढे जाईना.

जुनी टेप खिशात परत. कुणाला काही बोलायचं नाही. टेपच ताणली होती. उद्या वकील येतायत. हिला सांगेन — ही नवी टेप फार बुळबुळीत आहे, हातातून सटकते. जरा खाली बस आणि टाचेकडचं टोक तू धर.